ब्रेस्केन्सहून म्युनिककडे

७ जुलै १९७४ ची संध्याकाळ. म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर विश्वचषक फुटबॉलची अंतिम लढत नुकतीच संपली आहे. पश्चिम जर्मनी दोन, हॉलंड एक. बेकेनबाउअर सोनेरी चषक हातात घेऊन उभा असलेलं छायाचित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. हरलेल्या डच संघातला योहान क्रायफही सगळ्यांना ठाऊक. पण त्याच संघातला तीस वर्षांचा एक मधल्या फळीचा खेळाडू त्या संध्याकाळी रडत मैदानाबाहेर गेला. त्याचं नाव विलेम व्हॅन हानेगेम. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

नावाच्या उच्चाराबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. डच माणूस 'ग' म्हणतो तेव्हा घशातून खाकरल्यासारखा 'ख' येतो. माझा जावई उट्रेख्तला राहतो, त्यानं मला हे नाव चार वेळा म्हणून दाखवलं आणि मग नाद सोडला. आपण आपलं हानेगेमच म्हणू.

मी इतिहासाचा शिक्षक. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे तालमींचे संघ मैदानात उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात त्या गावचा. १९७४ साली आमच्याकडे टीव्ही नव्हताच. म्युनिकचा निकाल वर्तमानपत्रातल्या चार ओळींत कळला, तेवढ्यावर आम्ही आठवडाभर भांडलो. तो सामना मी अगदी अलीकडे, लेकीकडे गेलो असताना, संगणकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. आणि पाहताना लक्ष क्रायफपेक्षा या हानेगेमकडेच जात राहिलं. उंच, किंचित पाय फेंगडे, पळण्याची घाई नाही. बाकीचे दहा जण फुटबॉल खेळताहेत आणि हा कुणाशी तरी जुना हिशेब करायला आलाय, असं काहीतरी. जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, तो ब्रेस्केन्सचा आहे." त्याच्या ऑफिसातल्या डच मंडळींनी त्याला असंच सांगितलं होतं. जणू गावाचं नाव हेच स्पष्टीकरण.

मग ब्रेस्केन्सला जाणं आलंच.

हॉलंडच्या नैर्ऋत्य टोकाला झीलंड नावाचा प्रांत आहे. नावाचा अर्थच समुद्राची भूमी. शेल्डा नदी बेल्जियममधल्या अँटवर्पहून येते आणि इथं इतकी रुंद होते की नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. उत्तर काठावर फ्लिसिंगेन, दक्षिण काठावर ब्रेस्केन्स. पूर्वी या दोन गावांमध्ये मोटारी वाहून नेणारी मोठी बोट होती. २००३ साली नदीखालून बोगदा झाला, तेव्हापासून फक्त पायी जाणारे आणि सायकलवाले बोटीनं जातात. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. पलीकडे मासेमारीचं बंदर, नौकाविहाराच्या होड्या, नीटनेटकी घरं. पण जुनं असं फार काही दिसत नाही. युरोपात छोट्या गावात गेलं की चारशे वर्षांपूर्वीची कमान नाहीतर दगडी घर भेटतंच. इथं सगळं १९४५ नंतरचं.

विलेमचा जन्म इथला, २० फेब्रुवारी १९४४ चा. देश जर्मनांच्या ताब्यात जाऊन तेव्हा जवळजवळ चार वर्षं होत आली होती. १० मे १९४० ला जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. १४ मे रोजी त्यांच्या विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला आणि डच सैन्यानं शरणागती पत्करली. झीलंडमध्ये मात्र फ्रेंचांच्या मदतीनं आणखी काही दिवस लढाई चालली.

आता १९४४ च्या सप्टेंबरकडे येऊ. जूनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या आणि ४ सप्टेंबरला त्यांनी अँटवर्प घेतलं. बंदर जवळपास धडधाकट हाती लागलं. पण बंदर असून उपयोग काय? समुद्राकडे जाणाऱ्या शेल्डाच्या दोन्ही काठांवर जर्मन बसलेले. त्यातच जर्मनांची पंधरावी सेना नदीच्या दक्षिणेला अडकली होती, तिला पलीकडे न्यायचं तर वाट ब्रेस्केन्स आणि तेर्नूझेन या बंदरांतूनच होती. पडाव, होड्या, जे तरंगेल त्यातून सैनिक पलीकडे जाऊ लागले, बहुतेक रात्रीच्या अंधारात. महिना संपायच्या आत ऐंशी हजारांहून अधिक सैनिक तोफा आणि वाहनांसकट निसटले. मी बोटीतून वीस मिनिटांत ओलांडलं तेच पाणी.

ही वाट तोडायची म्हणून ११ सप्टेंबरला ब्रेस्केन्सवर बॉम्ब पडले. बंदराला लागूनच गाव. दीडशेहून अधिक गावकरी त्या दिवशी मेले. त्यात विलेमचे वडील होते आणि भावंडंही होती. विलेमला तेव्हा सातवा महिना चालू होता.

आणि ती विमानं दोस्त राष्ट्रांची होती.

इथं मी अडखळलो. जर्मनांनी माझं कुटुंब मारलं, असं हानेगेमनं पुढे मुलाखतींमधून अनेकदा आणि अतिशय कडू शब्दांत सांगितलं आहे. म्युनिकच्या सामन्याविषयीही तो हेच सांगत आला, की गोलफलकाची त्याला पर्वा नव्हती, जर्मनांना खिजवता आलं म्हणजे पुरे होतं. वर्गात असतो तर मी लगेच खडू उचलून सांगितलं असतं, बाळांनो, बॉम्ब कोणी टाकले ते आधी बघा. पण ब्रेस्केन्सच्या धक्क्यावर उभं राहून मला ते बोलवेना. जर्मन आले नसते तर ते बंदर फक्त कोळ्यांचं राहिलं असतं, बॉम्ब कशाला पडले असते? हेही खरंच की. आणि आईच्या कडेवर असलेल्या मुलाला त्या दिवसाचं स्वतःचं काय आठवणार! त्याला जे ठाऊक होतं ते घरातून आलेलं. ज्या घरात जेवायला बसताना ताटं कमी झाली आहेत त्या घरातून.

मित्रांच्या हातून झालेल्या या मृत्यूंचं डच लोकांनी काय केलं, हा मोठाच विषय आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला, म्हणजे विलेमच्या जन्मानंतर दोनच दिवसांनी, अमेरिकन विमानांनी नायमेगेन शहरावर बॉम्ब टाकले, सुमारे आठशे नागरिक मेले. त्याआधी ३१ मार्च १९४३ ला रॉटरडॅमच्या पश्चिम भागावर अमेरिकन बॉम्ब पडून तीनशेहून अधिक माणसं गेली होती. रॉटरडॅमचा १९४० चा जर्मन हल्ला शाळेतल्या पोराला तोंडपाठ असतो, या दुसऱ्या हल्ल्याचं नाव मात्र 'विसरलेला बॉम्बहल्ला' असं पडलंय. सोडवायला आलेल्यांना दोष कसा द्यायचा? ब्रेस्केन्सनंतर कॅनडाच्या पोरांनी ऑक्टोबरभर चिखलात आणि पाण्यात लढून तो काठ मोकळा केला, त्यांची कितीतरी माणसं तिथंच राहिली. अशा वेळी विधवेनं शेजाऱ्यापाशी तक्रार करायची ती कोणाची? राग एकाच दिशेला जाऊ शकत होता आणि तो तिकडेच गेला.

युद्ध संपल्यावर हे कुटुंब उट्रेख्तला आलं. विलेम तिथंच वाढला. पण झीलंडनं त्याची पाठ पुरती सोडली नाही, असं म्हणायला एक गंमतशीर कारण आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे समुद्राचे बांध फुटून झीलंड आणि आसपासचा प्रदेश पाण्याखाली गेला. हॉलंडमध्ये १८३६ माणसं बुडाली. तोवर डच फुटबॉल संघटना पैसे घेऊन खेळणं पाप समजायची. परदेशात जाऊन व्यावसायिक झालेल्यांना देशाच्या संघाची दारं बंद. या बहिष्कृत खेळाडूंनी पूरग्रस्तांच्या मदतीसाठी १२ मार्च १९५३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध सामना ठेवला आणि २-१ असा जिंकला. हॉलंडहून हजारो लोक तो पाहायला गेले. आपलीच पोरं इतकं छान खेळतात आणि आपण त्यांना वाळीत टाकलंय, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, हॉलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं. म्हणजे नऊ वर्षांच्या विलेमच्या पोटापाण्याची सोय त्याच्या जन्मप्रांताच्या पुरानं करून ठेवली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

उट्रेख्तच्या वेलोक्स या छोट्या क्लबच्या कुंपणाशी तो पोरगेला विलेम रेंगाळायचा आणि बाहेर आलेले चेंडू परत मारायचा. ते ज्या तऱ्हेनं परत येत त्यावरून प्रशिक्षकाच्या नजरेत भरला, असं सांगतात. १९६२ मध्ये तो वेलोक्सकडून खेळू लागला, १९६६ मध्ये रॉटरडॅमच्या झेर्क्सेसमध्ये गेला. झेर्क्सेस हे इराणी सम्राटाचं नाव एका डच क्लबला का असावं ते देव जाणे, पण याच क्लबातून फास विल्क्स आणि कून मूलाइन हे आधीचे मोठे खेळाडू निघाले होते. पैशाच्या ओढाताणीत १९६८ मध्ये झेर्क्सेसचं व्यावसायिक दुकान बंद झालं आणि हानेगेम नदीच्या दक्षिण तीरावरच्या फेयेनूर्डमध्ये आला. त्याच वर्षी मेमध्ये तो स्कॉटलंडविरुद्ध देशासाठी पहिल्यांदा खेळला.

फेयेनूर्ड हा गोदीकामगारांच्या वस्तीतला क्लब. ॲमस्टरडॅमचा आयाक्स म्हणजे नखरे, फेयेनूर्ड म्हणजे घाम, असं रॉटरडॅमचे लोक सांगतात. त्यांचं म्हणणं पूर्ण खरं मानू नका, कारण हानेगेमच्या खेळात नखराही भरपूर होता. त्याला टोपणनाव पडलं होतं 'दे क्रोमे', म्हणजे वाकडा. काही म्हणतात फेंगड्या पायांमुळे, काही म्हणतात त्याच्या पासमुळे. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं तो चेंडूला असा काप द्यायचा की चेंडू बचावपटूला वळसा घालून आपल्या माणसाच्या पुढ्यात जाई. उजवा पाय उभं राहण्यापुरता. वेग नाही. मग तो युरोपातल्या पहिल्या रांगेत कसा पोहोचला? चेंडू आपल्याकडे यायच्या आधीच तो पुढे कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असे. आणि दुसरं, तो टाकलेला पाय मागे घेत नसे. त्याच्या टॅकलची धास्ती भल्याभल्यांना होती. नाजूक पास देणारा आणि धसमुसळा अडवणारा सहसा दोन वेगवेगळे खेळाडू असतात, संघात एक जण विणतो आणि दुसरा त्याची राखण करतो. हानेगेम दोन्ही कामं एकटा करी.

१९६९ मध्ये फेयेनूर्डला नवा प्रशिक्षक मिळाला, अर्न्स्ट हॅपल. कमी बोलणारा, सतत सिगारेट ओढणारा व्हिएन्नाचा माणूस. फेयेनूर्डनं त्याच्या हाताखाली काय केलं ते आकड्यांतच सांगतो. १९६९-७० च्या युरोपियन चषकात गतविजेत्या एसी मिलानकडून पहिला सामना एका गोलनं हरले. रॉटरडॅमला परतीचा सामना २-० जिंकले, त्यातला दुसरा गोल हानेगेमचा, हेडरनं. उपांत्य फेरीत वॉर्साच्या लेगियाविरुद्ध २-०, त्यातही एक गोल त्याचा. ६ मे १९७० ला मिलानच्या सान सिरो मैदानावर अंतिम सामना, समोर स्कॉटलंडचा सेल्टिक, १९६७ चा विजेता. सगळ्यांनी सेल्टिकच जिंकणार असं धरलं होतं. सेल्टिकनं मधल्या फळीत दोघांनाच ठेवलं. हॅपलनं तिघं ठेवले, विम यान्सेन, ऑस्ट्रियाचा फ्रांझ हासिल आणि हानेगेम. दोनाविरुद्ध तीन, एवढंच गणित. सेल्टिकच्या गेमेलनं पहिला गोल केला, दोनच मिनिटांत इस्राएलनं बरोबरी केली, आणि जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला स्वीडनच्या किंडवालनं विजयी गोल मारला. युरोपियन चषक जिंकणारा पहिला डच क्लब आयाक्स नव्हे, फेयेनूर्ड. हे मी मुद्दाम सांगतो, कारण क्रायफच्या झगमगाटात पुष्कळांचा तसा समज असतो. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेसला हरवून त्यांनी आंतरखंडीय चषकही आणला. ब्युनोस आयर्सला दोन गोलांनी मागे पडल्यावर केलेल्या बरोबरीत दुसरा गोल हानेगेमचाच होता. १९७१ मध्ये तो हॉलंडचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण या सगळ्यात मला खरं कुतूहल आहे ते हॅपलचं. हॅपल जन्मला १९२५ मध्ये. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्या वयाच्या पोरांना जी वाट होती तीच त्यालाही, तरुणपणी त्याला जर्मन सैन्यात जावं लागलं. तो फेयेनूर्डच्या पोरांशी बोलायचा ते जर्मन आणि डच यांच्या भेसळीत. आणि हानेगेमला आयुष्यभरात सगळ्यांत मोठा वाटलेला प्रशिक्षक कोण? हॅपल. त्यानं ते लपवलेलं नाही. ज्या गणवेशाचा त्याला एवढा तिटकारा, तो गणवेश या माणसानं घातलेला होता. शेजारी उभा राहून चेंडू देणारा हासिलही जर्मन बोलणारा. मुलाखतीतली त्याची वाक्यं वाचून मी मनात त्याचं जे चित्र केलं होतं, त्यात हे बसत नाही. मी ते बसवायच्या भानगडीतही पडत नाही.

१९७४ च्या मे महिन्यात फेयेनूर्डनं टॉटनहॅमला हरवून यूईएफए चषक जिंकला. लंडनमधल्या २-२ च्या बरोबरीत हानेगेमची एक फ्री किक होती. लगेच जूनमध्ये विश्वचषक, तोही पश्चिम जर्मनीत.

रिनुस मिशेल्सचा तो डच संघ कसा खेळला याविषयी पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. कोणीही कुठेही जायचं, बचावपटूनं गोल मारायला आणि आघाडीवाल्यानं बचावाला, आणि रिकामी झालेली जागा दुसऱ्यानं भरायची. या धावपळीत एक माणूस बऱ्यापैकी जागेवर असायचा, डावीकडे मधल्या फळीत. बाकीचे उधळलेले असताना चेंडू कुठे परत द्यायचा, याचं उत्तर बहुतेक वेळा हानेगेम असे. अर्जेंटिनाला ४-० आणि ब्राझीलला २-० हरवून ते अंतिम सामन्यात आले.

आता त्या अकरा जणांच्या जन्मतारखा पाहा. मला हा नाद आहे, मास्तरकीचा. देश मुक्त झाला ५ मे १९४५ ला. त्याआधी जन्मलेले फक्त तिघं, गोलरक्षक योंगब्लूड १९४० चा, हानेगेम १९४४ चा आणि सुर्बीर जानेवारी १९४५ चा. क्रायफ १९४७ चा, क्रोल १९४९ चा, नीस्केन्स आणि रेप १९५१ चे, रिसबर्गेन तर १९५२ चा. यांच्यासाठी युद्ध म्हणजे मोठ्या माणसांचं बोलणं. त्यातली बरीच मंडळी लांब केसांची, गळ्यात माळा घालणारी, ॲमस्टरडॅमच्या साठच्या दशकात वाढलेली. मैदानावर प्रत्येकाचं गणित निराळं होतं, आणि बाहेरून सगळे एकाच नारिंगी सदऱ्यात दिसत होते.

सामना सुरू झाला. डचांनी आपापसांत चेंडू फिरवला, क्रायफ सुटला, हेनेसनं त्याला पाडलं, इंग्लिश पंच जॅक टेलर यांनी पेनल्टी दिली, नीस्केन्सनं गोल केला. जर्मनांपैकी चेंडूला पहिला हात लागला तो गोलरक्षक मायरचा, जाळ्यातून बाहेर काढताना. दुसरं मिनिट चालू होतं.

आणि पुढची वीस-बावीस मिनिटं? ती पाहताना मी दोनदा चित्रफीत मागे नेली. डच संघ दुसऱ्या गोलासाठी जातच नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. जर्मन धावताहेत, हे फिरवताहेत. आम्हाला जर्मनांची मजा करायची होती, असं त्या संघातल्या रेपनंही नंतर कबूल केलं. मजा बहुतेकांना करायची होती. हानेगेमच्या खेळात मला मजा दिसली नाही. २२ व्या मिनिटाला त्याला पिवळं कार्ड मिळालं. तीन मिनिटांनी होल्झेनबाइन डच पेनल्टी क्षेत्रात पडला. यान्सेननं पाडलं की तो आपणच पडला यावर हॉलंडमध्ये अजून वाद घालता येतो, माझ्या लेकीच्या शेजारच्या आजोबांनी मला कॉफी देऊन अर्धा तास समजावलं. ब्राइटनरनं बरोबरी केली. मध्यंतराआधी दोन मिनिटं गेर्ड म्युलरनं दुसरा गोल मारला. उत्तरार्धात डचांनी जिवाचं रान केलं, पण झालं नाही.

डच लोक या पराभवाला नुसतं 'म्युनिक' म्हणत नाहीत, ते त्याला जखम म्हणतात. मला हा शब्द जरा जास्त वाटायचा. शेवटी खेळच ना. पण एका माणसाच्या बाबतीत मी आता तक्रार करणार नाही. ज्यांची माणसं परत यायची नव्हतीच, त्यांना फुटबॉलनं काय मिळणार होतं, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर हानेगेमलाही देता आलं असतं असं मला वाटत नाही. वीस मिनिटं तो जिंकत होता, आणि तेवढ्यानं भागलं नाही.

त्याच्या पुढच्या कारकिर्दीत सरळ रेषा नाहीत. १९७६ च्या युरोपियन स्पर्धेत झाग्रेबला चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध उपांत्य सामना होता. जादा वेळेत चेकांचा गोल झाला, डचांच्या मते त्याआधी क्रायफला पाडलं होतं आणि पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजवली नाही. हानेगेमनं चेंडू मध्यावर ठेवून खेळ सुरू करायलाच नकार दिला. लाल कार्ड. १९७८ च्या विश्वचषकाला डच संघाचा प्रशिक्षक होता त्याचा लाडका हॅपल, पण पहिल्या अकरात जागा नक्की नाही म्हटल्यावर हा अगदी निघायच्या वेळी संघाबाहेर पडला. संघ तिकडे पुन्हा अंतिम सामना हरला. मार्सेय क्लबनं त्याला मोठा पैसा देऊ केला तेव्हा जावं की नाही हे त्यानं घरच्या कुत्र्यावर सोपवलं, कुत्रा भुंकला तर जायचं, आणि कुत्रा गप्प राहिला, अशी गोष्ट सांगतात. मग आल्कमारचा एझेड, तिथं १९७८ मध्ये डच चषक, एक हंगाम शिकागोत, परत उट्रेख्त आणि शेवटी १९८३ पर्यंत पुन्हा फेयेनूर्ड. देशासाठी ५२ सामने, सहा गोल. प्रशिक्षक म्हणून त्यानं १९९३ मध्ये फेयेनूर्डला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं.

२१ जून १९८८ ला हॅम्बुर्गला डच संघानं युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं, शेवटच्या मिनिटांत व्हॅन बास्टेनच्या गोलनं. त्या रात्री हॉलंडमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. आठवडाही झाला नव्हता आणि त्यांनी चषक जिंकला, म्युनिकच्या त्याच स्टेडियमवर, मिशेल्सच त्यांचे प्रशिक्षक. हॅम्बुर्गच्या त्या आनंदात काही ओंगळही होतं. कूमाननं एका जर्मन खेळाडूशी बदललेला सदरा घेऊन जे केलं ते इथं सांगण्यासारखं नाही. कूमान १९६३ चा. त्याच्या घरातलं कोणी गेलं होतं की नाही मला माहीत नाही, पण राग मात्र तयार, वापरायला सोपा झालेला होता.

क्रायफ २०१६ मध्ये गेला, यान्सेन २०२२ मध्ये, नीस्केन्स २०२४ मध्ये.

ब्रेस्केन्सहून परतीची बोट पकडली तेव्हा वारा फार होता. झीलंडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात जर्मन पर्यटकांची एवढी गर्दी असते की दुकानांच्या पाट्याही जर्मनमध्ये लागतात. माझ्या शेजारी सायकल धरून एक वयस्क जर्मन जोडपं बसलं होतं. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही भारतातून येऊन इतक्या आडगावाला काय पाहायला गेला होतात? मी म्हटलं, एका फुटबॉल खेळाडूचं गाव. कोण खेळाडू? मी नाव घेतलं, माझ्या उच्चारात. त्यांना कळलं नाही. मग मी म्हटलं, १९७४. तेव्हा तिच्या नवऱ्यानं मान वर केली, म्हणाला, "हानेखेम?" आणि बसल्या जागेवरून डावा पाय पुढे करून त्यानं हवेत पावलाच्या बाहेरच्या कडेनं एक काप दिला, आणि बोटानं तो चेंडू पाण्यावरून वळत कुठवर गेला असता ते दाखवलं.